नळीतला माणूस

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्षता,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, थंडी आवरती झाली आहे आणि माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. सोमवारपासून आमच्या प्रयोगशाळेत नमुने उघडे असताना बोलायला बंदी! तोंडाला मास्क, दारावर पाटी, समोर जयेश भलतीच बाटली उचलतोय, आणि मी गप्प. दिल्लीत तीस वर्षं काढली, एवढा जुलूम कुणी केला नव्हता.

हा नियम मीच केला. का, ते सांगते.

जयेश म्हणजे माझा नवा विद्यार्थी. इथेच वाढलेला, मराठी वाक्य हिंदीत संपवणारा. 'चिचुंदरी' म्हणजे काय, ते मला चित्र काढून दाखवावं लागलं. पण तिचा डीएनए हातात दिला की ती उंदरांच्या घराण्यातली नाही, हे गडी डोळे मिटून सांगतो. आपलं कामच ते. तोंडावळ्यावर जायचं नाही, डीएनएची अक्षरं जुळवायची आणि सस्तन प्राण्यांत कोण कुणाचा किती जवळचा, ते ठरवायचं.

तू सात वर्षांपूर्वी वनखात्याने जप्त केलेल्या खवल्यातून खवले मांजराचा डीएनए काढलास, आणि तुझ्या वंशवृक्षात ते थेट माणसाशेजारी येऊन बसलं. मी भर सेमिनारमध्ये म्हटलं, "अक्षताबाईंनी याला भावकीत घेतलंय. लग्नपत्रिकेत नाव घालायचं का?" सगळे हसले. तूही हसलीस. ते हसू मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवहीत लिहिलं, 'नमुना माणसाच्या डीएनएने दूषित. अक्षताचा निष्काळजीपणा.' तीन महिन्यांनी तू पीएच.डी. सोडून परभणीला गेलीस. घरची अडचण म्हणालीस. मी विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता.

आता पीएच.डी. पुन्हा सुरू करण्याचा तुझा अर्ज आला. समितीने ती नोंद उकरून काढली आणि माझं मत मागितलं. मी जयेशला तुझी जुनी माहिती पुन्हा तपासायला दिली. हल्ली प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए आम्ही नोंदवून ठेवतो, म्हणजे घाण कुणाची ते कळतं.

"ताई, नळीतला माणूस मिल गया. अच्छी खबर, अक्षताताई नाहीत."

"आणि वाईट?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि आपण खिडकीबाहेर बघू लागला.

पडद्यावर माझं नाव होतं. जुळला होता तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे नळीत मी, माझी आई, किंवा बहीण विनया. आई तिथे कधी फिरकली नाही. विनयाला तर स्पिरिटच्या वासानेच घेरी येते. मग आठवलं. तू उघड्या नळीवर वाकली होतीस आणि मी तुझ्या खांद्यावरून, विनामास्क, संचालकांची नक्कल करत होते. तू दोनदा म्हणालीस, "ताई, जरा मागे सरता का?" मी म्हटलं, "तू हात चालव, मी तोंड चालवते."

पण खरी गंमत पुढे! जयेशने माझी अक्षरं वेगळी काढली. उरलं ते निखळ खवले मांजर, आणि ते जाऊन बसलं बरोबर मांजर-कुत्र्यांच्या फांदीशेजारी, जिथे बसायला हवं तिथेच. आम्ही इतके ओरडलो की गार्ड धावत आला. काय सुरेख काम केलं होतंस गं तू! माझ्या बडबडीखाली सात वर्षं दबलेलं.

काल समितीपुढे हे सगळं सांगितलं. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, पुरानी बात है, रहने दीजिए." मी म्हटलं, "सात साल रहने ही दिया था." अर्ज मंजूर झाला! जुलैत ये. ऑफिसचं पत्र यथावकाश पोचेल. त्यांचा वेग तुला माहीत आहे.

आज सकाळी कुणी यायच्या आत ती नोंदवही काढली. जुन्या ओळीवर एकच रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं, 'नमुना सुनेत्रामुळे दूषित. अक्षताचं काम निर्दोष.' सही केली, आजची तारीख घातली, वही जागेवर ठेवली.

आता तुझ्या मर्जीपुरतीच तुझी,
सुनेत्राताई