पहिला हक्क जवळच्याचा

३ जून
हातांची थरथर थांबली! सकाळी सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात. दारूने माझे शिवणाचे हात पार घालवले होते. डॉक्टर म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही. पण या व्यसनमुक्ती केंद्राचा नियम — घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय फाटक उघडत नाही. नवऱ्याला निरोप गेलाय.

५ जून
प्रार्थनेच्या तासाला मठातल्या सिस्टर येतात. आज बायबलातली मोशेची गोष्ट पुढे नेली. त्याचे लोक मिसर देशातल्या गुलामीतून सुटले, समुद्र दुभंगून वाट झाली, आणि वाळवंटात पोचल्यावर ही मंडळी रडतात कशासाठी? मिसरमधल्या काकड्या-कांद्यांसाठी! सगळ्या खो खो हसल्या. मला घाम फुटला. कालच दुपारी बाटलीच्या झाकणाचा आवाज आठवून मी उशी चावत होते.

सिस्टर म्हणाल्या, "कुरकुरले म्हणून देवाने त्यांना परत नाही पाठवलं." बरं वाटलं.

६ जून
उत्तर नाही.

८ जून
आज बायबलातल्या रूथची गोष्ट. विधवा सून, तिने न सोडलेली विधवा सासू, हातचं गेलेलं शेत. ते सोडवायचा पहिला हक्क सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचा. तो वेशीत, पंचांसमोर म्हणतो, मला नाही जमणार — आणि पायातली चप्पल काढून देतो. हक्क सोडल्याची खूण. मग त्याच्यामागचा नातेवाईक पुढे होतो आणि दोघींचं भलं होतं.

मी विचारलं, "सासू-सुनेचं एवढं पटायचं?" "तुमचं नाही?" म्हणाल्या. डोंबल! आमचं खिडकी उघडी की बंद, यावरूनही वाजायचं.

१० जून
नवरा आला! भेटीच्या खोलीबाहेर चपला काढल्या, आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसला. "मला नाही जमणार गं," म्हणाला. "परत तेच सगळं… नको."

मी शिव्या घालीन म्हणून तो तयारीत होता. मला हसूच फुटलं! "अरे, चपला तर तू आधीच काढल्यास!" बिचारा घाबरला, हिचं डोकं फिरलं म्हणून. तो गेल्यावर मात्र पोटभर रडले. इथेच कुजणार का मी?

१२ जून
सिस्टरना म्हटलं, माझ्या गोष्टीत नवऱ्यामागचा कुणी नाहीच. आई-बाबा गेले, भाऊबहीण नाही. म्हणाल्या, "त्या दोघींना तरी तो आधी कुठे दिसला होता!" फटकळ बाई. पण रागारागाने का होईना, जेवणाच्या खोलीचे पडदे शिवून संपवले. टीप सरळ आलीये. दिवसभरात पिण्याची आठवण झाली, नाही असं नाही. तरी शिवत राहिले.

१४ जून
फाटकावर सासूबाई!

पहारेकरी म्हणाला, घरचं माणूस लागतं. "मग मी कोण, शेजारीण?" त्यांनी सही ठोकली, माझी पिशवी उचलली. मी म्हटलं, "पण ते तर नको म्हणाले…"

"त्याला सांगितलंय मी. ‘घर माझं आहे, सून येतेय. तुला जमत नसेल तर तू बघ तुझी सोय.’"