दोनशे सतरा नंबरचं झाड

अहेरी, ११ ऑगस्ट २००८

चि. धम्मदीप यास, आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू पाठवलेला पेपर मिळाला. तू बनवलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचं परीक्षण दोनदा वाचलं. जोडाक्षरांवर अजून अडखळते, पण सोडत नाही. बंदुका नेहमीच्याच, आवाज कर्कश, पण जंगल जिवंत, असं लिहून पाचपैकी चार तारे दिलेत. खेळ फुकट आहे, दहा जण आपापल्या घरून एकमेकांवर गोळ्या झाडतात, मेलेला पुन्हा उठतो, हेही कळलं. तिथं जरा थांबले.

पुढं लिहिलंय की झाडांवरचे नंबर पाहत गेलं की खेळणारा ओढ्यापासून टेकडीपर्यंत न चुकता पोचतो. सोबत चित्र आहे. सागाची साल तासलेली, त्यावर डांबरानं २१७. साताची शेपटी लांब ओढलेली. धम्मदीपा, ते तुझ्या बाबांचं अक्षर आहे.

वनमजुरीत त्यांनी घातलेले नंबर तू जसेच्या तसे घेतलेस. कोणाला तरी वाट दाखवली, एवढ्याच संशयावर त्यांना मारलं. कोणी, ते आजही माहीत नाही. सापडले त्याच झाडाखाली. आता तीच वाट तू दाखवतोस?

किराणावाला लच्छू पेपर पाहून म्हणाला, बाई, तुमच्या पोरानं तं जंगलाचा नकाशाच छापला. तो हसला. दुकानात दोन अनोळखी माणसं होती, ती हसली नाहीत. त्यांनी पेपर मागून घेतला आणि पोरगा कधी येते म्हणून विचारलं.

ते झाड खेळातून काढून टाक. याबद्दल फोन करू नको, एसटीडीवाल्याकडे सगळे ऐकतात. ऑक्टोबरात यायचंही राहू दे.

रागावू नको, माया असू दे.
तुझी आई, गिरजा

पुणे, २० ऑगस्ट २००८

ती. आईस, सादर जयभीम.

तुझं पत्र वाचून पोलिसांनी झडती घेतल्यासारखं वाटलं. सुट्टीत बाबा साल तासायचे, मी डांबराचा डबा धरायचो आणि नंबरांची यादी ते माझ्याच वहीत लिहायचे. मला आठवणीतून रेखाटता येतं ते एवढंच जंगल. इंटरनेटवर एकानं लिहिलंय, हे जंगल नसतं तर हा खेळ इतर दहा खेळांसारखाच. तेच काढून टाकलं तर उरतं काय, असं आमचे साहेब विचारतात.

आई, इथं पुण्यात ती झाडं कोणी ओळखत नाही. उगाच भिऊ नको, जेवत जा.

तुझा लाडका आणि हट्टी,
धम्मदीप

अहेरी, १ सप्टेंबर २००८

चि. धम्मदीप यास आशीर्वाद.

ओळखणारे पुण्यात राहत नाहीत.

ते दोघं काल घरी आले. अंगणात बसले, पाणी मागितलं, चपला काढल्या नाहीत. मी सांगितलं, पोराच्या मनातलं जंगल आहे, सगळं खोटं. त्यातला एक शांतपणे म्हणाला, आमी जाऊन पाह्यलं, बाई. नंबर बराबर हायेत. नकाशा कोणासाठी काढला, ते पोराच्याच तोंडून आयकू.

पाण्याचा तांब्या मी अजून घासलेला नाही. हात लावावासा वाटत नाही.

तुझ्या बाबांनाही असंच आधी नुसतं विचारलं होतं.

तुझी वाट बघणारी, पण येऊ नको म्हणणारी,
आई

अहेरी, २८ सप्टेंबर २००८

चि. धम्मदीप यास, खूप खूप आशीर्वाद.

नवा पेपर मिळाला. पाकिटात चिठ्ठी नव्हती, तरी कळलं. दोनच तारे. लिहिलंय की जंगलाचा जीव गेला, झाडं एकसारखी, नंबर नाहीत, वाट कुठंच सापडत नाही, चांगला खेळ बनवणाऱ्यांनीच मारला. तुला बोलणी बसली असतील. मी मात्र तीनदा वाचलं. तुझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.

ते दोघं दुकानात होते, तेव्हा मी लच्छूला मोठ्यानं वाचायला लावलं. तो म्हणाला, बाई, पोराची बेइज्जती काऊन आयकवता लोकाईले? मी म्हटलं, वाच. ते ऐकून निघून गेले. आठ दिवस झाले, आलेले नाहीत. पुन्हा येणार नाहीत असं म्हणवत नाही. तू इकडे येऊ नको. मीच ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला चंद्रपूरला दीक्षाभूमीवर येते, तिथं गर्दीत भेटू.

आणखी एक. सरपणाला जाणाऱ्या बायांसोबत त्या झाडापाशी गेले होते. कुऱ्हाडीनं नंबर तासून काढला. डांबर खोल मुरलं होतं, वेळ लागला. त्यांच्यातली सोमारी म्हणाली, दे इकडं, मी करते. मी दिली नाही.

आता ते अक्षर तुझ्या जुन्या वहीत तेवढं असेल. जपून ठेव. कोणाला दाखवू नको. मला दाखव.

तुझी आई