रिकाम्या खुर्चीचं माप

२ मार्च, रवि.
अकराला सु.चा फोन. एरवी ‘जेवलात का’ एवढंच. आज म्हणाली, “विलासचा टेम्पो गुरुवारी पाचगणीला बेदाणा टाकून तुमच्यावरनं रिकामा येतोय. माझं मशीन द्या त्यात. हितं बाया ब्लाउज शिवा म्हणून मागं लागल्यात.”
माहेरी, तासगावला जाऊन आठ महिने झाले तिला. आधी आईचं खुब्याचं हाड मोडलं. मग आई गेली. बाराव्याला मी गेलो, संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. निघताना ‘येतेस का’ विचारलं नाही. तीच म्हणाली, पुढं बघू.
मशीन गेलं की पुढं बघण्यासारखं काही राहणार नाही.
म्हणालो, मशीन वापरात आहे.
“कोन वापरतंय?”
“मी.”
“आन् काय शिवताय?”
समोर सोफा होता. रेक्झिन तडकलेलं.
“कव्हरं.”
मग “बरं”. हसली असावी. खात्री नाही.

३ मार्च, सोम.
आता शिवणं भाग आहे.
कापड आणलं. जाड, राखी. दुकानदार: “मापं आणलीत का सर?” नव्हती. अंदाजानं घेतलं.
मशीन मागच्या गॅलरीत. पूर्वी पुढच्या खोलीत असायचं, खिडकीपाशी. वाचताना आवाज होतो, असं मी एकदा म्हणालो. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर खिडकी मोकळी. बावीस वर्षं झाली. पावसाळ्यात गॅलरीला गोणपाट लावून शिवायची.
आज ओढत परत खिडकीशी आणलं. जड आहे. तेव्हा तिनं एकटीनं नेलं होतं.

५ मार्च, बुध.
पाय दाबला की चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो. सकाळभर तेच. कोपऱ्यावरच्या शिंदे टेलरांना विचारलं. ते म्हणाले, “सर, पाय हलका ठेवा. सायकल न्हवं ती, माहुलीला न्यायची हाय व्हय?” दुकानातले दोघं हसले. मीही.
दुपारी एक सरळ टीप. वीतभर.

६ मार्च, गुरु.
विलास आला, तिचा भाऊ. दोर घेऊनच वर आला. खोलीभर कापड, मी दोऱ्यात.
“दाजी, ह्ये काय मांडलंय?”
सांगितलं.
“आक्काला वाटलं, थापा मारताय.” टीप बघितली, अंगठ्यानं चाचपली. “थापाच बऱ्या हुत्या की ओ.”
चहा घेतला. बेदाण्याची पिशवी ठेवली. दोर घेऊन गेला. मशीन राहिलं.

७ मार्च, शुक्र.
फोन तिचा. “शिवताय म्हणं खरंच.” मग पंधरा मिनिटं बॉबिन, सुई, दोऱ्याचा ताण. शिवणीत दोन बोटं माया सोडा, कापड आधी भिजवून वाळवा, न्हाईतर धुतल्यावर आटंल. मी लिहून घेतलं.
जेवलात का, हे विसरली.

११ मार्च, मंगळ.
माझ्या खुर्चीचं कव्हर झालं. एक बाजू उलटी लागली होती. उसवली, परत लावली. घातलं. नीट बसलं, एक सुरकुती नाही. दूर उभं राहून पाहिलं. मग बसलो. पाठ आणि बैठक मिळते तिथली शिवण टराटर गेली.
फोन केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी.
“माप घेताना कोन बसलं हुतं?”
“कुणी नाही.”
“आवं, रिकाम्या खुर्चीचं माप घेत्यात व्हय? मानूस बसला की गादी खाली जाती. कापड तिच्यासंगं जायला नको? कुनाला तरी बसवा आन् मग टेप लावा.”
कुणाला, ते तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१२ मार्च, बुध.
शिंदेंना दुकान सोडून येता येत नाही. वरच्या मजल्यावरचे गावी. आपल्या घरी येऊन पाच मिनिटं बसेल असा माणूस आठवत बसलो. दोन नावं आठवली, एक जण वारलेला.
संध्याकाळी गव्हाचं पोतं ओढत आणून खुर्चीवर चढवलं. वर्षाचा गहू, दोघांच्या अंदाजानं भरलेला. संपतच नाही.
पोत्याभोवतीनं माप घेतलं. आधीचं माप सहा इंच कमी पडलं होतं.

१६ मार्च, रवि.
दुसऱ्यांदा शिवलेलं टिकलं. पोतं सोफ्यावर. तीनदा सरकवून तीन मापं.
घरात दिवसभर मशीनचा आवाज. त्याचा आता त्रास होत नाही. थांबला की वाचता येत नाही.

२२ मार्च, शनि.
सोफा झाला. कोपरे ओबडधोबड.
सु.: “किती ऱ्हायलं?”
दोन सांगता आलं असतं. “एक. तुझ्या खुर्चीचं.”
“मंगळवारी टेम्पो हाय. तवर हुईल न्हवं?”
“ते पोत्यावर बेतायचं नाही.”
पलीकडे बेदाणा चाळत होते बहुतेक, चाळणीचा आवाज. तो थांबला.
“मी उतरलीया आता लय,” ती म्हणाली. “पोत्यातला गहू काढा थोडा.”
मी ‘बरं’ म्हणालो.
मशीनची जागा बदललीय, हे सांगायचं राहिलं. बावीस वर्षांचं तर...

२३ मार्च, रवि.
पोत्यातला गहू काढला. दोन डबे. पोतं तिच्या खुर्चीवर ठेवलं. एका अंगाला कललं.
टेप लावली नाही. कापड कापलं नाही.
परत फोन केला. मशीन खिडकीपाशी आणलंय, म्हणालो. तिथून काढायला लावलं ते माझं चुकलं.
“उजेड येतो तितं,” ती म्हणाली. मग “ठेवते.”

२५ मार्च, मंगळ.
सकाळीच मशीनला तेल दिलं, पुसलं. न्यायचं तर स्वच्छ जावं. सुया, खडू, बॉबिनी एका डब्यात.
आठला विलासचा फोन. “दाजी, कराड सोडलं. आज आधी तुमच्याकडं येतो, मग पाचगणी.”
दर वेळी तो माल टाकून, परतताना येतो. भरल्या टेम्पोत मशीन मावत नाही. का, हे विचारलं नाही. बरोबर कोण, तेही नाही.
पाऊण तास आहे अजून. राखी कापड टेबलावर पसरलंय, कात्री शेजारी. तिच्या खुर्चीवरून पोतं उतरवलं.