‘गेली’ आणि ‘मेली’

मिठबाव, मंगळवार. श्रावण, १९६१.

ती सही मनाला खातेय.

घटसर्पाने मेलेल्या गुरांसाठी सरकारी मदत आलीय. जबाब उद्या देवगडच्या कचेरीत पोचलेच पाहिजेत. यशोदाबायचा जबाब मी, गावचा तलाठी, तिच्याच शब्दांत लिहिला होता: ‘म्हैस गेली.’ तो शेरा मारून परत आला: ‘गेली असल्यास शोध घ्यावा.’ म्हैस पुरून पंधरा दिवस झाले. कुठून शोधून आणू?

संध्याकाळी तिच्या घरापुढच्या खळ्यात गेलो. म्हटलं, बाय, ‘मेली’ म्हणा नि अंगठा द्या.

“भाऊनु, ती शिवी. शेजारणीक रोज घालतंय. पण जिच्या दुधार माजी पोरां वाढली, तिका कशी घालू?”

मी चिडलो. वाद घातला. समोर रिकामा गोठा. शेवटी कागदावर ‘मेली’ लिहिलं आणि वाचताना ‘गेली’ म्हटलं. तिने अंगठा दिला. त्याखाली मी लिहिलं, ‘वाचून दाखवले’, आणि सही केली.

दुसरं काय करणार होतो?

निघताना ती म्हणाली, “बरा झाला, तुमका समाजला.”

पण मदत हातात देताना देवगडचे साहेब जबाब पुन्हा मोठ्याने वाचतात. तिच्यासमोर.