पडद्यामागचा अकरा नंबर

पेच शहर, १९ मार्च

प्रिय बोरिश्काताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आलुबुखाऱ्याचा मुरंबा पोचला. साखर जरा जास्तच झालीय, तरी अर्धी बरणी उभ्या उभ्याच फस्त केली. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

ठीक कसलं, डोंबल! आठ दिवस हे पत्र लिहितोय आणि फाडतोय.

तुझ्या सिदीचं पत्र आलं. आमच्या वाद्यवृंदात तिची निवड झाली नाही, हे तुला कळलंच असेल. पोरगी रडत बसलेली नाही. लिहिते, "मामा, तुला कुणी बोल लावू नये म्हणून अर्ज केल्याचं सांगितलं नाही. पण पडद्यामागे मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही रे. मग चुकलं काय? मला शिकवशील?"

ताई, निवडचाचणीतला तो पडदा माझ्याच हट्टाने लागला. आम्ही सत्तर वादक, त्यांत रोमा, म्हणजे लोकांच्या भाषेत जिप्सी, एकटा मीच, आणि तोही आडनाव बदलून तेवीस वर्षं तोंड मिटून बसलेला. दोन वर्षं भांडलो. वाजवणाऱ्याचा चेहरा दिसू नये, नाव कळू नये, नुसता नंबर. बुटांचा आवाज नको म्हणून गालिचासुद्धा मीच अंथरला.

अकरा नंबर आला. व्हायोलिनचे सूर लावून झाले आणि सुरुवात करण्याआधी अंगठ्याने चारही तारा हलकेच छेडल्या. बाबा हॉटेलात प्रत्येक टेबलापाशी छेडायचे ना, जेवणाऱ्यांना नमस्कार म्हणून, तश्शा. आपल्या घराबाहेर हे कोण करतं? मी ती सवय संगीतशाळेत बोटांवर पट्ट्या खाऊन सोडली होती.

आणि मग काय वाजवलंय तिने, ताई! माझ्या अंगावर काटा आला.

शेजारचा बेर्तालान कुजबुजला, "जिप्सी दिसतोय. आता थाळी फिरवेल बघ!" सगळे हसले. मीही हसलो. हो, हसलो.

आम्हा सात परीक्षकांना मत हात वर करून द्यायचं होतं. तिघांचे हात वर, तिघांचे खाली, सातवा मी. वाटलं, हात वर केला तर सगळे वळून माझ्याकडे बघतील. माझा हात गुडघ्यावरच राहिला.

भाची म्हणून मी बाजूला राहिलो, असं मनाला समजावून पाहिलं. साफ खोटं. बाजूला होणारा माणूस तसं बोलून दाखवतो. मी घाबरलो, बस.

काल संचालकांना सगळं लेखी दिलं. मी कोण, ती कोण, मत का दिलं नाही, सगळं. फेरी पुन्हा घ्या म्हटलंय. घेतात की मलाच हाकलतात, माहीत नाही. बेर्तालानने बोलणं टाकलंय.

हे सिदीला वाचून दाखव. ती मला शिव्या द्यायला लागली तर अडवू नकोस. पण तारा छेडायचं सोडू नकोस म्हणावं. तिचं काही चुकलं नव्हतं, आणि माझ्याकडे तिला शिकवण्यासारखं काही नाही.

तुझा धाकटा,
गास्पार रिगो

(पाकिटावर यापुढे बाबांचं हेच आडनाव लिही.)