आक्कानं पुसलं

गिरणीतून, वडूजजवळ
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियंका,

आक्काचे तुला पोटभर आशीर्वाद. विश्रामबागच्या तुझ्या होस्टेलचा पत्ता तुझ्या बापाकडून घेतला. महेंद्रनं दिला, पण कागद माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला आणि गेला. फोनवर तू मला बंद केलंयस. महिना झाला, माझ्या मेसेजला एकच टिक. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

इकडं सगळं ठीक. बाजरीचा हंगाम आहे, दळण उरकत नाही. पट्टा दोनदा तुटला. तुमच्या शेळीला दोन करडं झाली, एक पांढरं आहे. बघ, ठीक आहे म्हणायची हाताला सवयच लागलीय. ठीक काही नाही गं.

माझी शाळा तुला माहीत आहे. लोकांच्या पिठाच्या डब्यांवरची नावं वाचून वाचून मी अक्षर शिकले. मग गिरणीच्या दारात फळा लावला. कुणीही यावं, लिहावं. कुणाची शेळी हरवली, नळाला गढूळ पाणी आलं, सरपंच झोपलाय, काय वाटेल ते. अट एकच, खाली नाव लिहायचं. दिवे लागायच्या आत मी ओल्या फडक्यानं पुसायची. कालचं भांडण आज नको. मोबाईलवर गावाचा ग्रुप तू काढलास तेव्हा म्हणालीस, "आक्का, फळा तुझा, तर ॲडमिनबी तूच." मला वाटलं, हा पण फळाच, फक्त खिशात मावणारा.

दिवाळी झाल्यावर तू त्यावर लिहिलंस, "भाऊसोच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मुलींनी बसू नका. गिअर टाकायच्या निमित्तानं तो पायाला हात लावतो. माझ्या बाबतीत तीनदा झालंय." खाली नाव. माझ्याच नियमानं.

तासाभरात भाऊसो गिरणीत आला. माझ्या मेलेल्या बहिणीचा पोरगा, मी वाढवलेला. त्याची बायको, दोन पोरं माझ्याच चुलीवर जेवतात. डोळ्याच्या ऑपरेशनला साताऱ्याला मला त्यानंच नेलं, उचलून. दारातच बसला. "मावशे, ह्यो मेसेज ऱ्हायला तर उद्या कोण बसंल माझ्या गाडीत? पोरांस्नी काय घालू, तुझ्या फळ्यावरचा खडू?"

मी म्हटलं, "खरं हाय का रं?"

"तुला काय वाटतं?"

मी फोन हातात घेतला. पुसलं.

विचारणाऱ्यांना मी सांगितलं, पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये, उद्या कुणीही कुणावरही लिहील. वाक्य चांगलं होतं. पण त्याच दिवशी गावच्या टारगट पोरांनी ग्रुपवर तुझा फोटो टाकून खाली घाण लिहिली, ती मी ठेवली. म्हटलं, बोलणाऱ्याचं तोंड कशाला धरा, दोन दिवसांत आपोआप गप होतील. त्या पोरांनी खाली नावंसुद्धा लिहिली नव्हती. चाळणी एकच, पण माणूस बघून मी तिची भोकं लहानमोठी केली.

महेंद्र त्या दिवशी दळणाचा डबा न्यायला आला. म्हणाला, "आक्का, माझी पोरगी खोटं बोलली आसंल तर तसं सांगा. नसंल, तर का पुसलं तेवढं सांगा." मी त्याच्या डब्याचं झाकण पुसत बसले.

आणि एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. फळा पुसला की काळा होतो, काही उरत नाही. इथं उरतं. तुझ्या मजकुराच्या जागी लिहून आलं, हा मेसेज ॲडमिन आक्का यांनी डिलीट केला. ते सगळ्या गावानं वाचलं.

परवा शालूबाईची ओवी आली. अकरावीची पोर, दळणाचा डबा तसाच डोक्यावर. खाली ठेवीना. म्हणाली, "आक्का, तुमी पुसलंत म्हणजे खोटंच आसणार, आसं आई म्हणाली. म्हणून मी पुढं बसले." एवढंच बोलली. मग डबा उतरवला आणि त्याच्याआड बसून रडली. दोन दिवस कॉलेजला गेली नाही.

आता ते लिहिते, जे चार पानं फाडली तरी लिहिता आलं नाही.

लोकांना वाटतं तू माझ्यावर मेसेजवरून रुसलीस. तसं नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मला. वसुबारसेला आपण भाऊसोच्या जीपनं वडूजच्या बाजाराला गेलो. तू पुढं, मी मागं. त्याचा हात गिअरवरून उतरला तो मी बघितला. तू मधे पिशवी घेतलीस आणि वरच्या आरशात बघितलंस. त्या आरशात तुझी-माझी नजर झाली. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

पुरावा मागत होते ना मी? पुरावा मीच होते, पोरी.

आज सकाळी तुझा मजकूर, शेवटचं वाक्य सोडून, फळ्यावर लिहिला. बघून लिहायची गरज पडली नाही. तुझं नाव घेतलं नाही, ओवीचंही नाही. ती तुमची गोष्ट, तुम्ही ठरवायची. खाली लिहिलं, "मी डोळ्यांनी बघितलंय," आणि माझं नाव. तेच ग्रुपवर टाकलं. तुझा फोटो आणि त्याखालची घाण काढली, पोरांना बाहेर केलं. उद्या शालूबाई आणि मी एसटीनं वडूजच्या पोलीस स्टेशनला जाणार. तू यावंस असं म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही.

भाऊसो दुपारी आला, फळा वाचला, तसाच मागं फिरला. घरी जाऊन बसलाय. त्याच्या धाकट्यानं येऊन सांगितलं, "आज्जी, चूल पेटली न्हाई." घर एकच आहे, दार एकच. मला तिथंच जायचंय, त्या पोरांच्या पुढ्यात ताट वाढायचंय. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेत.

दिवे लागायची वेळ झाली. फडकं ओलं करून हातात घेतलं होतं, सवयीनं. पिळून दोरीवर टाकलं.

फळा तसाच ठेवून कुलूप लावणारी,
तुझी
आक्का