आठ सेकंदांची तार

सोमवार, ३ मार्च
काम मिळालं. नोकरी सोडल्यानंतरचं पहिलं, माझं एकटीचं — व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या काकांची वेबसाइट. दुकान जिन्याखाली, मधोमध उभं राहिलं तर दोन्ही भिंतींना हात लागतील एवढं. आत सरसाचा वास, छताला टांगलेली व्हायोलिनं, आणि दाराशी स्टुलावर काकू. त्याच म्हणाल्या, "सहा महिने बघणार. गिऱ्हाईक वाढलं नाही तर कुलूप लावून लेकीकडे राहायला जाणार." काका तार पिळायची खुंटी घासत बसले.

बुधवार, ५
काकांची एकच अट. पान उघडलं की मागे व्हिडिओ हवा, आणि त्यात व्हायोलिन वाजलं पाहिजे. जोरात.
मी समजावलं — मागे चालणारा व्हिडिओ मुकाच ठेवतात. कोणी ऑफिसात बसून पान उघडतं, कोणाचं बाळ मांडीवर झोपलेलं असतं. अचानक आवाज आला की माणूस आधी पान बंद करतो. शिवाय बहुतेक ब्राउझर आपणहून आवाज सुरू होऊच देत नाहीत.
"म्हणजे मुकं व्हायोलिन दाखवायचं? बिनआवाजाचं वाद्य म्हणजे लाकडाची पेटी हो, बाई."
चहा पिऊन परत आले.

गुरुवार, ६
नवऱ्याला विचारलं, आवाज दाखवायचा कसा? तो मोज्याचा जोड शोधत होता. म्हणाला, "लिहून." उपयोग शून्य.

सोमवार, १०
दिवसभर दुकानात शूटिंग. कॅमेरा दिसला की काका ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे ताठ! तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्याला घोडी म्हणतात. ती बसवण्यात यांची चाळीस वर्षं गेली, आणि कॅमेऱ्यासमोर तीनदा पडली. काकू हसू आवरेना म्हणून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.
शेवटी कॅमेरा टेबलावर तसाच चालू ठेवून मी डबा उघडला. काका विसरले. सगळ्यांत जाड तार जुळवली, अंगठ्याने छेडली, कान जवळ नेला आणि आवाज विरू दिला.
घरी येऊन ते पाहिलं. तार आधी धुरकट पट्टा होते, मग बारीक, मग बारीक, मग स्थिर. स्पीकर बंद होता, तरी मी कान देऊन बसले होते. सापडलं.

मंगळवार, ११
माझ्या मोठ्या स्क्रीनवर झकास. काकांच्या फोनवर पांढरं फटक. काका दोन मिनिटं सभ्यपणे त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्वच्छ आहे."
फाइल नको तेवढी जड. साडेतीन मिनिटांचा सिनेमा कशाला घातला मी? हेच सगळं नोकरीत दुसऱ्यांना शिकवत होते.

शुक्रवार, १४
आठ सेकंद. बाकी सगळं कापलं. फाइल हलकी केली. व्हिडिओ येईपर्यंत त्याच तारेचं चित्र चटकन दिसतं. फोनवर तर नुसतं चित्रच ठेवलं. शेवट आणि सुरुवात जुळवण्यात अख्खी दुपार गेली — तार थांबते, अंगठा येतो, पुन्हा छेडतो. सांधा दिसता कामा नये.
काकांना हे सांगितलं तर त्यांना लगेच कळलं. "आमचंही तेच," म्हणत त्यांनी पाठ फुटून आलेलं, आता सांधलेलं एक व्हायोलिन माझ्या हातात दिलं. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडलं नाही.

सोमवार, १७
सासूबाईंना दाखवलं. "चांगलंय. पण अक्षरं कुठायत?" पांढरी अक्षरं, मागे लाकडावर पडलेलं ऊन — दिसणार कशी? व्हिडिओवर काळपट पडदा चढवला, अक्षरं उठून आली.
पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा काढला. "हे हलायचं थांबत नाही का गं? गरगरतंय मला." कोपऱ्यात थांबवायचं बटण घातलं.
या बाईंना पगारावर ठेवायला हवं.

मंगळवार, १८
साइट सुरू झाली. खाली वेगळं बटण दिलंय — दाबलं की त्या तारेचा आवाज. काकांनी दाबलं, ऐकलं, मान हलवली. "पण जो दाबणार नाही त्याचं काय?"
"त्याला दिसेल, काका."
"दिसून काय करायचंय?"
काकूंनी डोळ्यांनीच मला सांगितलं, मनावर घेऊ नकोस. घेतलंच. घरी येईपर्यंत तोंड पाडून.

मंगळवार, २५
आठवड्यात एकच फोन. गिटार दुरुस्त करता का? काका "नाही" म्हणाले, काकूंनी फोन हिसकावून "करतो की" म्हटलं. त्यावरून दोघांचं दुपारपर्यंत चालू होतं.
मीही शांत नाही. आठ सेकंदांवर मी फार भरवसा टाकला का? काकू लेकीशी फोनवर खोलीबद्दल बोलत होत्या.

बुधवार, २ एप्रिल
साइटवरून पत्र आलं. मी दुकानात पोचले तेव्हा काकू ते फोनवर मोठ्याने वाचत होत्या. एका शाळेतल्या बाईंनी लिहिलंय — "माझ्या वर्गातल्या एकोणीस मुलांना ऐकू येत नाही. आठवडाभर आम्ही तुमची तार फळ्याएवढ्या पडद्यावर बघतोय. ती हलते तोवर मुलं बाकावर बोटं हलवतात, थांबली की थांबतात. त्यांना खऱ्या व्हायोलिनला हात लावून बघता येईल का?"
काकांनी फोन मागून घेतला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, उत्तर स्वतः लिहिलं — "जरूर या. माझ्याकडे चौदा आहेत. आणखी पाच मिळवतो."